अळिवाचे उरलेले लाडू

“ॲब्सेस है,” सोनोग्राफीच्या पडद्यावरची नजर न काढता डॉक्टरीणबाई म्हणाल्या. ब्रेस्ट ॲब्सेस म्हणजे स्तनात गळू होऊन आत पू साठणं. उजवी बाजू दगडासारखी घट्ट झाली होती आणि अंगात सणसणून ताप होता. मी एकच विचारलं, की मला पाजता येईल ना? ओवी तेव्हा जेमतेम महिन्याची होती.

माझी इच्छा काही फार मोठी नव्हती. उष्टावणापर्यंत, म्हणजे पहिला खिरीचा घास तोंडाला लागेपर्यंत, तिला माझंच दूध मिळावं. आईने मला चांगली तीन वर्षं पाजलं होतं आणि हे ती येईल त्या प्रत्येकाला ऐकवायची.

आई सांगलीहून इकडे बंगालमध्ये, बालीगंजच्या आमच्या भाड्याच्या घरी बाळंतपणाला आली, तीच अळीव, डिंक आणि खारकांचं बोचकं घेऊन. ओवी सारखी रडायची. दूध पुरत नाही, हे आईचं निदान. मग सकाळी अळिवाची खीर, दुपारी अळिवाचा लाडू. शेजारच्या बौदींचंही, म्हणजे बंगाली वहिनींचंही, निदान तेच. त्या कालोजिरे, म्हणजे आपली कलौंजी, वाटून गरम भाताबरोबर आणायच्या. दूध वाढायला तोच त्यांच्याकडचा उपाय. आईला बंगाली येत नव्हतं, बौदींना मराठी. दोघी हातवारे करत माझ्या ताटावरून हिरिरीने भांडायच्या आणि मी मुकाट्याने दोन्ही खायचे. आज त्या स्वयंपाकघरातला जायफळ आणि मोहरीच्या तेलाचा एकत्र वास आठवला तरी त्या दिवसांची ओढ वाटते.

पाजताना डोळ्यांतून पाणी यायचं. ‘सुरुवातीला दुखतंच,’ असं दोघी सांगायच्या, म्हणून मी दात-ओठ खाऊन सोसलं.

डॉक्टरीणबाईंनी ओवीला माझ्याजवळ घ्यायला लावलं, क्षणभर पाहिलं आणि आईकडे वळल्या. “दूध कम नहीं है, माशीमा. बहुत है. बच्ची ठीक से पकड़ नहीं रही, तो निकल नहीं रहा.” लॅच, म्हणजे बाळाने स्तन तोंडात धरण्याची पद्धत, तीच चुकत होती. बाळ उपाशी राहून रडत होतं, आणि आम्ही आत दूध वाढवत बसलो होतो! आईचा चेहरा एवढासा झाला. मला तिचा राग आला नाही, उलट फार माया आली.

मग ॲस्पिरेशन झालं, म्हणजे सोनोग्राफीत बघत सुईने पू ओढून काढला. सुई पुन्हा घालावी लागली. डॉक्टरीणबाई प्रत्येक वेळी सांगायच्या, “पिलाना बंद मत करो.” मी डाव्या बाजूने पाजलं, उजव्या बाजूचं पंपाने काढलं. पण आत सुई घालत असताना बाहेर बाकावर बौदींच्या मांडीवर ओवीला बाटली मिळाली होती, आणि बाटलीला कष्ट नव्हते. नंतर ती माझ्यापासून तोंड फिरवायची. तेव्हा मी ढसाढसा रडले. दूध हळूहळू आटलं आणि उष्टावणाच्या बरंच आधी सगळं थांबलं.

तुमच्यापैकी कुणाचं असं चाललं असेल, तर एवढंच सांगते: दुखत असेल तर खीर वाढवण्याआधी बाळ कसं धरतंय ते कुणा जाणत्याला दाखवा. आणि तरीही थांबावं लागलं, तर स्वतःला कोसत बसू नका. मी पुष्कळ कोसलं, त्याने थेंबभरही दूध वाढलं नाही.

ओवी आता शाळेत जाते. बंगाली फाडफाड बोलते, मराठी अडखळत. थंडी पडली की आईचं पार्सल येतं, अजूनही अळिवाच्या लाडवांचं. परवा डबा उघडल्यावर ओवीने विचारलं, “आजी हे का पाठवते?”

“तू बाळ होतीस तेव्हा मी खायचे. तुला दूध मिळावं म्हणून.”

“मग मिळालं?”

“मिळालं. थोडेच दिवस.”

तिने जरा विचार केला. “मग बाकीचं मी आता खाते,” म्हणाली आणि दोन्ही हातांत एकेक लाडू घेतला.

मी आईला लगेच फोन लावला. म्हटलं, “आई, पुढच्या वेळी जास्त पाठव.”