समुद्रकाठी वाळ्याची ताटी

"बंड्या, आत ये! आत ये म्हणून राहिली ना मी! बेबी, डोक्याचा दुपट्टा काढशील तर पाय मोडीन... आन् बाळ्या, तू काय पाहून राहिला गा? धर त्याले!"

सकाळचे नऊ वाजून गेले होते. समोर, नारळाच्या चार झाडांपलीकडे, अख्खा अरबी समुद्र पसरला होता. याच समुद्रासाठी आम्ही नागपूरहून रेल्वे, एसटी आणि शेवटी बैलगाडी असं हाडं खिळखिळी करत आलो होतो. आणि माझी थोरली बहीण दारात उभी राहून आपल्या दोन्ही पोरांना त्याच समुद्राकडून परत बोलावत होती, आणि मला, म्हणजे बाळ्याला, त्यांच्यामागे पिटाळत होती. ताईचा आवाज असा, की हिंगण्याच्या कारखान्याचा भोंगा बिघडला असता तर मालकानं तिलाच छपरावर बसवलं असतं. त्या हाकेसरशी सात वर्षांचा बंड्या तर आत आलाच, पण शेजारची दोन वासरं आणि रस्त्यानं चाललेले एक अनोळखी म्हातारबुवाही मुकाट आत आले. खोटं वाटत असेल तर भाऊजींना विचारा.

या गोष्टीला तीसेक वर्षं झाली. तो आवाज गेल्या महिन्यात थांबला. प्रताप नगरहून बंड्याचा फोन आला. "मामा, आई गेली. झोपेतच." मला आधी रडू नाही आलं, संताप आला. आयुष्यभर कानठळ्या बसवल्या या बाईनं, आणि जाताना एक हाक नाही? मुकाट्यानं केलेलं तिचं हे पहिलंच काम... आणि तेही हे.

तिच्या ओरडण्याला कारण होतं. आमच्या घरात ते सगळ्यांना ठाऊक होतं, बोलत मात्र कुणी नसे. दत्तू आमचा मधला भाऊ, माझ्याहून मोठा. पाच वर्षांचा असताना, वैशाखातल्या एका दुपारी, घरचे सगळे झोपलेले पाहून कडी काढून बाहेर खेळायला गेला. संध्याकाळी अंग भट्टीसारखं तापलं आणि दिवस उजाडायच्या आत सगळं संपलं. ताई तेव्हा अकरा वर्षांची. दत्तूला त्या दुपारी तिच्याच कुशीत झोपवलं होतं. तेव्हापासून उन्हाळ्याशी तिचं उघड वैर. नागपुरात उन्हाला सगळेच भितात, पण ताईची तऱ्हाच वेगळी. होळी पेटली की तिचा कायदा सुरू: नऊ ते पाच दार बंद, खिडकीला वाळ्याची ओली ताटी, डोक्याकानाला दुपट्टा आणि प्रत्येकाच्या खिशात कांदा. दारी आलेल्या पोस्टमनच्या थैलीतसुद्धा ती कांदा टाकायची. आमच्या भागातली पत्रं चार महिने कांद्याच्या वासाची यायची.

अशी बाई उन्हाळ्यात पोरं घेऊन समुद्रावर निघाली, कारण बेबी. पाच वर्षांच्या त्या पोरीनं शाळेतल्या पुस्तकात समुद्राचं चित्र पाहिलं आणि जेवण सोडलं. "मले त्याच्यात बसाचं आहे," एवढंच म्हणे. दुसऱ्या दिवशी ताई विरघळली. "बसवीन वं माय तुले, पण दोन घास खा." झालं! पोरांना दिलेला शब्द ताई कधी मोडत नसे. आता तिच्या डोक्यावर दोन शपथा बसल्या: बेबीला समुद्रात बसवायचं आणि दोन्ही लेकरं ऊन न लागू देता घरी आणायची. या दोन शपथा चार दिवस एकमेकींच्या झिंज्या उपटत होत्या आणि मधल्या मध्ये आमचा भुगा होत होता.

भाऊजींच्या कारखान्यातल्या एका फोरमनचं आजोळ कोकणात होतं. तिथली एक खोली मिळाली. ताईनं सामान बांधलं, आणि त्यात घरची वाळ्याची ताटी गुंडाळून घेतली! मी म्हटलं, "ताई, तिथं वारा असतो." ती म्हणाली, "वारा तर इथंही असते. त्यालेच लू म्हणतात." ती ताटी मी खांद्यावर वाहिली. स्टेशनावर तिकीट तपासणारा मला म्हणाला, "क्या भैया, झोपडी भी साथ ले जा रहे हो?" रात्रभर डब्यात वाळ्याच्या काड्या लोकांच्या नाकात जात होत्या. अर्धी गाडी शिंकत मुंबईला पोचली.

खोलीत शिरल्या शिरल्या ताईनं खिडकीला ताटी ठोकली, तिच्यावर बादलीभर पाणी मारलं आणि दार लावून घेतलं. नागपूरच्या कोरड्या उन्हात ही युक्ती स्वर्ग आहे. कोकणच्या दमट हवेत तिचा काय परिणाम होतो, हे कुणाला अनुभवायचं असेल तर इडलीपात्रात बसून वरून झाकण लावून घ्यावं. भाऊजी पंचाच्या चिंध्या होईस्तोवर घाम पुसत होते. मी तर इतका वाफाळलो की माझ्या मिशा सरळ झाल्या त्या आजतागायत वळल्या नाहीत. घरमालकीण आजी दारातून डोकावल्या. "अगो, ती ताटी काढ नि खिडकीतून वारा येऊ दे. पोरं शिजतील की!"

"शिजलेली चालतील आजी," ताई म्हणाली, "भाजलेली नाही पायजे."

पाच वाजता दार उघडलं. आम्ही पाचही जण, दुपट्टे बांधून, खिशात कांदे घेऊन, दरोडेखोरांच्या टोळीसारखे समुद्रावर गेलो. आणि समुद्र नव्हता! म्हणजे होता, पण पार तिकडे, ओल्या वाळूच्या मैदानापलीकडे, एक चंदेरी रेघ. बेबी रडायला लागली. ताईनं कमरेवर हात ठेवले आणि माझ्याकडे वळून म्हणाली, "पाह्य. मी म्हणत होती ना? उन्हाळ्यात येऊ नाही. आटला."

"ताई, समुद्र आटत नसतो! ओहोटी आहे ही. चंद्र पाणी ओढतो."

"चंद्र ओढून राहिला? मंग आपल्या विहिरीचं काहून नाही ओढत?"

मी शाळेत भूगोल शिकवतो. या प्रश्नाचं उत्तर मी तेव्हाही दिलं नाही, आजही वर्गात हा धडा आला की घसा बसल्याचं सांगतो. सकाळी किंवा दुपारी पाणी काठाशी असतं, तेव्हा चल, असं मी तीन दिवस कंठशोष करून सांगितलं. सकाळी तेल, आंघोळ, दूध-पोळी यात नऊ वाजायचे. नऊला कायदा लागू. पाचला समुद्र आटलेला. आम्ही दिवसभर त्याची गाज ऐकत वाफेत पडून राहायचो. भाऊजी एकदाच बोलले, "आपण नागपुरातच पडून राहिलो असतो तर प्रवास तरी वाचला असता."

चौथा दिवस शेवटचा. दुसऱ्या दिवशी पहाटेची एसटी होती. दुपार झाली, बाहेर लाटा पार नारळापर्यंत येऊन आपटत होत्या, आणि माझा तोल सुटला. "ताई, तू ह्या पोरीला शब्द दिला होता! हे काय समुद्र दाखवणं झालं? तुरुंग आहे हा, तुरुंग!" ताई माझ्यावर दुप्पट ओरडली. भाऊजी भिंतीकडे तोंड करून झोपल्याचं सोंग करू लागले. तेवढ्यात बेबी उठली. कोपऱ्यातला आपला दुपट्टा घेतला, आपल्याच हातानं डोक्याला कसाबसा गुंडाळला आणि ताईजवळ जाऊन म्हणाली, "आई, मले नाही पायजे समुद्र. तू ओरडू नको."

लाटांचा आवाज मग फारच मोठा वाटायला लागला... ताईनं बेबीकडे पाहिलं. मग उठली, पदर कमरेला खोचला, बेबीला कडेवर घेतलं, बंड्याचं मनगट धरलं आणि कडी काढून भर उन्हात बाहेर पडली. स्वतःच्या डोक्याला काहीही न बांधता! आता ओरडायची पाळी माझी. "ताई! अगं ऊन! दुपट्टा तरी घे!" तिनं वळूनही पाहिलं नाही.

ती नेसत्या लुगड्यानिशी सरळ पाण्यात गेली आणि फतकल मारून बसली. एका मांडीवर बेबी, एका मांडीवर बंड्या, दोघांच्या पोटाला तिच्या हातांचा विळखा. दर घडीला ओंजळभर पाणी त्यांच्या टाळूवर मारायची. लाट आली की तिच्यावर खेकसायची, "हळू ये वं! लेकरं आहेत, दिसत नाही काय?" आणि मी शपथेवर सांगतो, लाट दबकत यायची. बेबी इतकी हसत होती की काठावर घरमालकीण आजी येऊन उभ्या राहिल्या. पोरांच्या खिशातले कांदे पाण्यावर तरंगत आफ्रिकेकडे निघून गेले. ऊन उतरेपर्यंत ती तिघं पाण्याबाहेर आली नाहीत.

संध्याकाळी ताई खिडकीची ताटी सोडवून गुंडाळत होती. नाक, गाल भाजून तांब्यासारखे लाल. पोरं पोटभर जेवून गाढ झोपली होती, आणि ती दर थोड्या वेळानं उठून त्यांच्या कपाळाला हात लावून येत होती. मी अजून धुमसतच होतो. म्हटलं, "चार दिवस आम्हाला उकडून काढलं, आणि आज स्वतःच भर दुपारी जाऊन बसलीस. आज नसतं लागलं ऊन?"

सुतळीची गाठ दातानं आवळत ती म्हणाली, "मी होती ना सोबत."