रुमाल आणि जपानची शाळा

मलकापूर स्टँडवर मी रांगेतून बसमध्ये चढलो, तर एकमेव रिकाम्या सीटवर कुणीतरी खिडकीतून टाकलेला रुमाल. रुमालाचे मालक, बोलण्यावरून शिक्षक, सावकाश आले, रुमाल झटकून बसले आणि बुलढाण्यापर्यंत उभ्या असलेल्या मला जपानची शाळा समजावत राहिले.

"तिथं पोट्टे वर्ग सोताच झाडतात, एकमेकाले जेवण वाढतात. पहिले वळण, मंग परीक्षा. आपल्याकडंबी हेच पाहिजे." मग माझ्याकडे कौतुकानं बघत म्हणाले, "आन् रांगेत उभं राहाले शिकवतात. तुमच्यासारखं."

मी विचारलं, "सर, तुम्ही जाऊन आले का जपानले?"

"नाही बाप्पा," त्याच रुमालानं मान पुसत ते म्हणाले, "तिथं मले बसाले जागा कोण देईन?"