सध्यापुरती पिन

रविवार, फेब्रुवारीतला दुसरा, सकाळी आठ. हुबळीतल्या नवनगरच्या आमच्या घराचं अंगण. हजर: अप्पा, वय एक्क्याऐंशी, निवृत्त वकील; मी, त्यांची मुलगी, हातात वही; पुण्याहून फोनवर धाकटा भाऊ श्रीधर; आणि चन्नप्पाअण्णा, मेकॅनिक. मधोमध अप्पांची हिरवी, दोन माणसांची, उघड्या टपाची विलायती गाडी. वयानं माझ्याहून मोठी.

अण्णांनी अर्धा तास कशालाही हात लावला नाही.

ती त्यांची रीतच होती. बेलूरच्या औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यात लेथवर उमेदीची वर्षं घालवून ते जुन्या गाड्यांकडे वळले होते. आले की पायरीवर बसायचे, चहा घ्यायचे आणि गाडीकडे नुसते बघायचे. कुणी घाई केली की म्हणायचे, "तडीरी, अक्का." कन्नडात तडी म्हणजे थांब. माझं आयुष्य कामं तडीस नेण्यात गेलेलं. हा शब्द मला टोचायचा. एकदा स्कूटरच्या नऊ तक्रारी मी त्यांना क्रमांक घालून लिहून दिल्या. त्यांनी कागद शेवटपर्यंत वाचला आणि त्यानंच तेलाची काडी पुसली. "नऊ नाहीत, अक्का. एकच आहे. बाकीच्या आठ तिची पोरं."

पण त्या रविवारी माझ्या घाईला कारण होतं. महिनाभर अप्पांना पहिला गिअर पडत नव्हता. दांडा ढकलला की खालून खर्रर्र आवाज. एकदा चौकात गाडी अडली आणि मागे लॉऱ्यांनी हॉर्नचा धुमाकूळ घातला. हुबळीतल्या एका गॅरेजवाल्यानं गिअरबॉक्स उतरवायला सांगितला. श्रीधरचं मत वेगळं होतं: गाडीला काही झालेलं नाही, अप्पांचा डावा पाय गेलाय, क्लच पूर्ण दाबला जात नाही, किल्ली काढून घे. माझ्या वहीत चौथं काम होतं: 'किल्ली — अप्पांशी बोलणे.' अप्पांनी वही पाहिली नव्हती, पण गाडी काढण्याआधी बुटांना करायचं पॉलिश त्यांनी महिनाभर केलं नव्हतं. त्यांना कळलं होतं.

"अण्णा, आधी पायाचं बघा," फोनमधून श्रीधर म्हणाला.

"पुण्याहून पाय दिसतो काय हो, मालक?" अण्णांनी चहाचा कप खाली ठेवला. चपला काढून ते गाडीत बसले. इंजिन बंद ठेवून चारही गिअर टाकून पाहिले. लोण्यात सुरी जावी तसे गेले. "गिअरची पेटी छलो ऐती, चांगली आहे. उतरवायची नाही." मग अप्पांना बसवून इंजिन चालू करायला लावलं. खर्रर्र.

"आरोपी मी आहे, चन्नप्पा," अप्पा म्हणाले. "कबुली देतो."

"कबुली कोण मागितलंय, वकीलसाहेब? उतरा. अक्का, तुम्ही बसा."

"मला ही गाडी येत नाही."

"चालवायची कुठं आहे? पाय द्यायचा."

मी बसले. क्लच तळापर्यंत दाबला, दांडा ढकलला. खर्रर्र.

अण्णा अप्पांकडे वळले. "साहेब, अक्काचा पाय पण म्हातारा झाला काय?"

अप्पा हसले. महिनाभरानं.

महिनाभर याद्या केल्या मी, पण त्या पेडलवर स्वतःचा पाय ठेवून बघायचं मला सुचलं नव्हतं.

मग अण्णा खाली शिरले. पेडल आणि सिलिंडरचा दांडा जोडणारी बोटाएवढी पिन त्यांनी काढून आणली. मधोमध झिजून कंबर पडलेली. पाय पूर्ण जायचा, पण अर्धी हालचाल तिथंच मरायची. क्लच सुटायचा नाही. त्यांनी एक बोल्ट कानशीनं घासून तिथं बसवला. गिअर पडला, आवाज नाही. "ही सध्यापुरती. कायमची बेलूरला लेथवर काढून आणतो."

फाटकापाशी त्यांनी मला बाजूला घेतलं. "अक्का, साहेबांचा पाय पण थोडा उशिरा जातोय. पण दोन दोष एकत्र असले की आधी गाडीचा काढायचा. मग माणसाचा किती उरतो ते कळतं." मी वही उघडली. "हे लिहू नका," ते म्हणाले. नाही लिहिलं. आज पहिल्यांदा लिहिते आहे.

चौथं काम मी खोडलं. खाली नवं घातलं: 'कायमची पिन — अण्णा.' दर शुक्रवारी फोन करायची. "तडीरी, अक्का. चांगलं पोलाद मिळू दे." अप्पा रोज संध्याकाळी गाडी काढत. बूट चमकत होते.

दिवाळीच्या आधीच्या शुक्रवारी फोन त्यांच्या बायकोनं उचलला. "अण्णा होद्रु, अक्का." अण्णा गेले. मी वहीवर पेन टेकवून विचारलं, "बेलूरला का? परत कधी येतील?" पलीकडे ती बाई काही बोललीच नाही. त्या शांततेत मला कळलं. ते माझं वाक्य मला अजून झोपू देत नाही.

आज पुन्हा रविवार. हजर: अप्पा आणि मी. मंगळवारपासून पहिला गिअर पुन्हा खरखरतोय. बोल्ट झिजला असेल. किंवा नसेल.

अप्पांनीच इंजिन चालू केलं आणि उतरून दार धरून उभे राहिले. "बस. तुझ्या पायानंही ओरडली तर पिन. नाही ओरडली तर मी. साधी साक्ष आहे."

"तडी, अप्पा," मी म्हणाले.

"हा शब्द तू कधी शिकलीस?"

इंजिन चालूच आहे. अप्पांनी दार सोडलेलं नाही. मी पायरीवर बसून वही लिहिते आहे. आजच्या यादीत एकच काम आहे, 'क्लच स्वतः दाबून बघणे', आणि त्याच्यापुढचा चौकोन अजून रिकामा आहे.