गुरुलिंगअप्पांचा जाड कुंचला

गुरुलिंगअप्पा सोलापुरात जमीनमोजणीच्या कचेरीत गावांचे नकाशे उतरवायचे. बांधाची रेघ केसभर सरकली तर दोन भावांत भांडण लागेल, असं वरिष्ठांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं. अठरा वर्षं अप्पा त्याच धाकात रेघा ओढत होते.

रविवारी मात्र ते हौसेनं चित्रं काढायचे. त्यासाठी पुण्याहून जलरंगांची पेटी मागवली होती. पण तिथंही हात कचेरीतलाच. आधी टोकदार पेन्सिलीनं सगळं आखायचं, मग बारीक कुंचल्यानं एकेक पान, एकेक दगड भरत बसायचं. सिद्धेश्वराच्या तळ्याचं चित्र त्यांनी असं सहा रविवार रंगवलं. बायकोनं, चन्नम्मानं, ते हातात धरून बराच वेळ बघितलं.

"तळ्याचा नकाशा छान झालाय," ती म्हणाली.

ती चेष्टा करत नव्हती, म्हणून अप्पांना जास्तच लागलं.

मोकळ्या हाताची चित्रं त्यांना माहीत नव्हती असं नाही. ओळखीच्या एका ड्रॉइंग मास्तरांकडं त्यांनी पाण्यातल्या होडीचं चित्र पाहिलं होतं. कुंचल्याचे चार फटकारे, पण होडी हलत होती. तसं करावं असं फार वाटायचं. पण हात रविवारी सैल सुटला आणि सोमवारी पुन्हा आवळलाच नाही तर? घर त्या हातावर चालत होतं.

एकोणीसशे एकतीसच्या हिवाळ्यात ते होटगीच्या रस्त्यालगतच्या माळावर बिरप्पा धनगराची मेंढरं काढायला बसले. चार मेंढरांचे पाय आखून होताहेत तोवर सगळा कळप उठला.

"बिरप्पा, जरा थांबव की त्यांना."

"मेंढरं कुटं थांबत्यात, अप्पा? पाण्याची येळ झाली. तुमीच चला की आमच्यासंगं."

अप्पा चिडले, आणि चिडूनच उठले. कागद लावायची फळी डाव्या हातावर घेतली, रंगपेटीचा पट्टा गळ्यात अडकवला. चालताना बारीक काम जमणार नव्हतं, म्हणून आभाळ रंगवायचा जाड कुंचला काढला. नवा कागद ओला केला, त्यावर पिवळ्या मातीचा रंग ओढला आणि तो वाळायच्या आत काळपट ठिपके टेकवत गेले. ठिपके पसरले, एकमेकांत शिरले. आवरायला सवड कुठली? कळप पुढं चालला होता.

ओढ्यावर पोचेपर्यंत कागद भरला. वाया गेला, असं म्हणत अप्पा तो बाजूला ठेवणार, तेवढ्यात बिरप्पा वाकून बघू लागला.

"ही मागं पडलेली आमची लंगडी न्हवं का? अशीच मान खाली घालून चालती बगा. आन् ही धूळ! लई बेस झालंय, अप्पा."

अप्पांनी पुन्हा कागदाकडं पाहिलं. त्यांनी एकाही मेंढराचा पाय काढला नव्हता, तरी सगळी चालत होती. ते मोठ्यानं हसले. बिरप्पाला काही कळलं नाही, पण तोही हसला.

सोमवारी कचेरीत बार्शीकडच्या एका गावाचा नकाशा समोर आला. अप्पांनी लेखणी शाईत बुडवली आणि क्षणभर तशीच धरली. मग रेघ ओढली. सरळ आली, नेहमीइतकीच बारीक. दुसरी ओढली, तीही तशीच. दुपारी वरिष्ठांनी नकाशा भिंगाखाली तपासला आणि सही केली. अप्पा बाहेर व्हरांड्यात जाऊन पेलाभर पाणी प्याले. छातीवरचं ओझं कुणीतरी उतरवून घ्यावं तसं त्यांना वाटत होतं.

घरी आल्या आल्या त्यांनी हे चन्नम्माला सांगितलं.

"मग बिघडवा की दर रविवारी कागद," ती म्हणाली. "मी पण येते."

पुढच्या रविवारी ती खरंच कडक भाकरी आणि शेंगाची चटणी बांधून निघाली. दुपारपर्यंत अप्पांनी सात कागद रंगवले. त्यातले पाच साफ बिघडले, आणि बाभळीखाली जेवताना अप्पा ते पाचही तिला कौतुकानं दाखवत होते.