मधुकरचे पहिले लेख

गोंदियाहून निघालेली बस राजेगावचा पूल ओलांडून मध्य प्रदेशात शिरली, तेव्हा माझ्या मांडीवर कोणाची तरी कोंबडी होती आणि डोक्यात जॅझ. जॅझमधलं मला ओ की ठो कळत नाही. पण माझा मित्र मधुकर जन्मभर मुंबईत बसून त्यावरच लिहीत राहिला, आणि गेल्या दिवाळीआधी गेला. त्याच्या लेखांचं पुस्तक काढायचं मी कबूल केलं होतं. त्याच्या बायकोची, सुधाची, अट एकच होती. तरुणपणी बालाघाटच्या साप्ताहिकात लिहिलेले पहिले लेख हवेतच. "त्याचा कान कुठे तयार झाला ते कळल्याशिवाय पुस्तक नको," असं तिने बजावलं होतं.

साप्ताहिकाच्या जागी आता सायकलचं दुकान होतं. मालक म्हणाला, "मधुकरजी के लेख? दीदी के पास हैं. रद्दीवाले को हाथ नहीं लगाने दिया." माझा जीव भांड्यात पडला.

मधुकरच्या थोरल्या बहिणीने, शांताताईंनी, आधी भात, लाखोळीची डाळ आणि भेदराची (टोमॅटोची) चटणी वाढली. मग विचारलं, "इतक्या दूर काहून आले, भाऊ?"

"लेखांसाठी. नीट ठेवलेत ना?"

"हौ तं! उंदरं लागले होते. मंग म्या बंदोबस्तच केला."

त्यांनी आतून मुरमुऱ्यांनी भरलेलं टोपलं आणलं. मी गठ्ठ्याची वाट पाहत राहिलो. "हेच होय," त्या म्हणाल्या.

इकडच्या बायका कागद भिजवतात, मेथ्या घालून कुटतात आणि तो लगदा मडक्यावर थापून टोपलं वाळवतात. ताईंनी भावाचं समग्र वाङ्मय कुटलं होतं!

"ताई, अहो, काय केलंत हे!"

"काहून? आता त्याले काई होत नाही. दुसऱ्या कोनाचा कागूद नाही टाकला त्याच्यात. साराच मधूचा हाये."

मला हसावं की रडावं कळेना. तुम्ही ते वाचले होते का, असं मी विचारलं.

"मले कुठं वाचता येते? थोच वाचून दाखवे. एका लग्नात बँडातला क्लॅरिनेटवाला गाणं सोडून भलतीकडंच गेला. वरातीतले लोक मारालेच धावले. अन् मधूनं लेहलं, हा चुकला नाही, फिराले गेलता. वापस कसा येते, थेच आयकाचं असते."

मी ते तिथल्या तिथे उतरवून घेतलं. निघताना टोपलं मला द्याल का, असं विचारून पाहिलं. ताईंनी नकारार्थी मान हलवली. "तुमच्यापाशी त्याचे मोठाले लेख हायेत, भाऊ. माह्यापाशी इतकंच हाये."

मुंबईत सुधाला सगळं सांगितलं. तिने ताईंचे शब्द पुन्हा वाचायला लावले. मधुकर गेल्यापासून ती पहिल्यांदा खळखळून हसली, आणि मग रडली. "हा त्याचाच कान," म्हणाली.

पुस्तकाचं पहिलं पान तेवढंच आहे, ताईंच्याच बोलीत. खाली लेखकाचं नाव घालताना आम्ही दोघं बराच वेळ अडलो. शेवटी मधुकरचं घातलं, आणि त्याच्या आधी ताईंचं.