काढणीच्या दिवसांत ऑपरेशन

दिवाळीनंतर शिनोलीच्या रस्त्याकडेला ते पिल्लू सापडलं. मादी. नर असता तर कुणीतरी आधीच उचलला असता. मी आणि माझा नवरा हिंगोलीकडचे, इथं दुसऱ्याच्या मळ्यात कामाला. खोली मालकांची, तेव्हा मालकीणकाकूंना विचारणं आलं.

"ठेव, पर व्यायला न्हाई पायजे," काकू म्हणाल्या. "मागं आमची कुत्री पडवीत व्याली व्हती. बिबट्या पार दारापातूर आला. पिल्लं गेली, कुत्री बी गेली. हिची पिशवी काढून घे, न्हाईतर आत्ताच सोडून ये."

मी सातवीत शाळा सोडली. डॉक्टरांचं बोलणं एकदा ऐकून ध्यानात राहत नाही. घोडेगावच्या गुरांच्या डॉक्टरांनी मात्र न चिडता दोनदा सांगितलं. पिल्लू दीड-दोन महिन्यांचं असेल. आधी जंताचं औषध, मग लस, महिन्याभरानं परत लस, मग रेबीजची. तोवर दुसऱ्या कुत्र्यांत सोडायची नाही. सहा महिन्यांची झाली की ऑपरेशन, पहिल्यांदा माजावर यायच्या आत. नंतर टाके सुकेपर्यंत घरात ठेवायची, चाटू द्यायचं नाही, पळू द्यायचं नाही.

येताना एसटीत ध्यानात आलं, सहा महिने नेमके कांद्याच्या काढणीत भरतात. तेव्हा आम्ही दिवसभर वावरात. घरी आलं की भाकरी थापायलाही हात उचलत नाहीत. टाके घातलेल्या जनावराजवळ कोण बसणार? काढणीनंतर करावं, तर तोवर ती माजावर यायची.

लसी वेळेवर दिल्या, पण हा घोर हिवाळाभर डोक्यात राहिला. काकूंना सांगायचं धाडस होईना. सोड म्हणाल्या असत्या तर?

काढणी तोंडावर आली तेव्हा त्यांनीच विचारलं, "कधी नेणार हिला?"

सगळं सांगून टाकलं.

"मग एवढं त्वांड कशाला पाडलंय? माझा गुडगा मला वाकू देतोय व्हय? काढणीत मी घरातच. ठेव माझ्या खाटंपाशी. चाटाया लागली तर काठी हाय."

"मारू नका हो, काकू."

"तिला न्हाई गं. तुला, आता रडलीस तर."

आणि लगेच खाटेखालची अडगळ मलाच काढायला लावली. जुनी पोती ओढून झाडलोट केली. कंबर मोडली. तिथंच भुईवर बसून डॉक्टरांना फोन लावला आणि ऑपरेशनचा दिवस पक्का केला.