आधी अंगठा

"गेज मागनं लाव, आदी अंगठा." एवढं म्हणून काका पार्टच्या कडेवरून उजवा अंगठा फिरवायचे. अडला, की पार्ट नापास, लाल क्रेटमध्ये. मग मापाचं गेज काहीही म्हणो.

चाकणच्या आमच्या कंपनीत ते तपासणीच्या टेबलावर होते, मी त्याच विभागात नवी. तुमच्याकडेही असा एखादा असेल, यंत्रापेक्षा ज्याचं जास्त ऐकतात.

मी कमी बोलायचे. "इंग्लिश शाळेत तोंड उघडल्यावर छडी मारत्यात का गं?" काका डबा उघडता उघडता विचारायचे.

त्यांच्या मेंदूतल्या गाठीचं ऑपरेशन आणि मग रेडिएशन होऊन गेलं होतं. वर्षभर बरं गेलं. मग लाल क्रेट रिकामा राहू लागला आणि ग्राहकाकडून पार्ट परत येऊ लागले. अंगठा बधिर झाला होता.

एका दुपारी कँटीनमध्ये त्यांनी एमआरआयचा रिपोर्ट माझ्यापुढे ठेवला. "वाच. घरचे म्हणत्यात गाठ परत आली. तसं असंल तर मी काय परत डोकं उघडून घेत न्हाई."

रिपोर्टात दोन शक्यता होत्या. गाठ परत आली असेल, किंवा रेडिएशनने मेलेला भाग सुजला असेल. मला नीट कळलं होतं. पण चुकले तर? मी कागदाची घडी घातली. "डॉक्टरांनाच विचारा ना, काका."

ते माझ्या चेहऱ्याकडे बघत राहिले. "समजलं," म्हणाले. अर्धी भाकरी माझ्याकडे सरकवली.

डॉक्टरांकडे ते गेलेच नाहीत. तीन महिन्यांनी रहाटणीतल्या घरी कोसळले, तेव्हा ऑपरेशन झालं. काढलेल्या भागात गाठ नव्हती, नुसता मेलेला भाग होता. जीव वाचला, उजवा हात लुळा पडला. लवकर आणलं असतं तर हातही वाचला असता कदाचित, असं डॉक्टर म्हणाले.

हे मला काकूंनी सांगितलं. ओळखपत्र जमा करायला दोघं कंपनीत आले होते. "तुजं लई कौतुक करत्यात हे," काकू म्हणाल्या. "पोरीनं खोटी आशा न्हाई दावली म्हणं."

काकांनी टेबलावरचा पार्ट डाव्या हाताने उचलला, उजव्या अंगठ्यावरून फिरवला. "ओके," म्हणाले.

कडेला धातूची बारीक कुसळं होती. मला बसल्या जागेवरून दिसत होती. मी मान डोलावली, आणि ते गेटबाहेर गेल्यावर पार्ट लाल क्रेटमध्ये टाकला.